भिंतीच्या सॉकेटपासून दूर एक रात्र

घोरणारा माणूस गाढ झोपला आहे, असे आपल्याकडे अजूनही समजले जाते. आमच्या घरातही कित्येक वर्षे तसेच समजले गेले. मुलांचे अब्बा धाटावच्या एमआयडीसीत एका रसायन कारखान्यात कामाला आहेत. पाळ्यांची नोकरी. घरी आले की जेवणाच्या ताटावर डोळे मिटायचे, जुम्याला खुत्बा सुरू झाला की मान खाली जायची. लोक म्हणायचे, थकतो बिचारा. आम्हीही तेच म्हणायचो.

रात्री मात्र आम्हाला त्यांच्या घोरण्याची नाही, घोरणे थांबण्याची भीती वाटू लागली. मोठ्याने घोरता घोरता एकदम शांतता व्हायची. छाती हलायची, पण नाकातून हवा येत नसे. आम्ही अंधारात आकडे मोजत पडायचो. दहा, पंधरा, वीस. मग बुडणारा माणूस पाण्यावर यावा तसा आवाज होऊन श्वास परत सुरू व्हायचा. दादी म्हणायच्या, "त्याच्या अब्बांनाही असंच होतं. काही होत नाही." पण एके दिवशी रात्रपाळी करून येताना डुलकी लागली आणि मोटारसायकल रस्ता सोडून शेताच्या बांधावर गेली. अल्लाहच्या कृपेने खरचटण्यावर निभावले. त्याच आठवड्यात आम्ही डॉक्टरांकडे गेलो.

झोपेची तपासणी झाली. अहवालात लिहिले होते की तासाला सरासरी ३८ वेळा श्वास अडतो. आजाराचे नाव, स्लीप अ‍ॅप्निया. इलाज म्हणून घरी मशीन आली. आठवडाभरात सकाळची डोकेदुखी गेली, महिनाभरात फजरला हाक मारावी लागेनाशी झाली. मशीनने झोप परत दिली, पण दुसरे काहीतरी काढून घेतले. मुलांचे अब्बा घराबाहेर रात्र काढेनासे झाले.

म्हसळ्याला भाचीची शादी होती. रात्री साडेअकराला सगळ्यांचा निरोप घेऊन परतले. शाळेची मुले, कारखान्यातले मित्र, कोणी कुठे मुक्कामाला बोलावले की एकच उत्तर, "मला जमणार नाही." कारण सांगायचे नाही. तोंडाला नळी लावून झोपतो हे नातेवाइकांना कळू नये, हे एक. आणि जिथे विजेचा भरवसा नाही तिथे जायचे कसे, हे दुसरे. थोरल्याने यंदा हट्ट धरला की नदीकाठी तंबू ठोकून एक रात्र राहायचे. ते म्हणाले, "तुम्ही जा, मी घरी थांबतो." त्यावर धाकटी म्हणाली, "अब्बा, मशीन भिंतीला बांधलीय की तुम्ही?"

या लेखाची सुरुवात त्या प्रश्नापासून झाली.

श्वास का अडतो?

झोपेत अंगाचे स्नायू सैल पडतात, तसे घशाचेही पडतात. काहींच्या बाबतीत ते इतके सैल पडतात की श्वासाची वाट बुजते. किमान १० सेकंद हवा अडली की डॉक्टर तो एक प्रसंग धरतात. तासाला ५ पेक्षा कमी प्रसंग असतील तर चिंता नाही. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र. दर वेळी रक्तातला प्राणवायू खाली येतो, मेंदू दचकून जागा होतो, आणि माणसाला सकाळी यातले काही आठवत नाही. रक्तदाब, हृदयविकार आणि दिवसाची झापड ही त्याची पिलावळ. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी वारले तेव्हा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी याच आजाराचे नाव घेतले होते, आणि अनेक घरांनी ते पहिल्यांदा ऐकले.

पूर्वी तीव्र रुग्णाच्या गळ्याला भोक पाडून श्वासाची वाट करीत. ऑस्ट्रेलियातले डॉ. कॉलिन सुलिवन यांनी १९८१ मध्ये वेगळा उपाय जगापुढे मांडला. नाकावर मास्क लावायचा आणि हलक्या दाबाने सतत हवा सोडायची. तो दाब घसा आतून उघडा धरतो. आजची सीपॅप मशीन हेच करते. दाब साधारण ४ ते २० सेंटीमीटर पाण्याइतका असतो आणि कोणाला किती हवा हे डॉक्टर ठरवतात. मशीन प्राणवायू देत नाही, खोलीतलीच हवा देते. औषधाच्या गोळीसारखा साठाही उरत नाही. ज्या रात्री लावली नाही, त्या रात्री आजार जागचा जागी. म्हणून "एका रात्रीने काय होते" हे म्हणणे आमच्या डॉक्टरांनी साफ नाकारले. जायचे असेल तर मशीनसह जा, असे ते म्हणाले.

वीज मोजायला शिकलो

आम्ही शाळेत मुलांना गणित नीट मांडायला सांगतो, तेच घरी करायचे ठरले. मशीनच्या अडॅप्टरवर छापलेला वॅटचा आकडा हा कमाल आकडा असतो, रोजचा खप नव्हे. म्हणून प्लगमध्ये बसणारा वीज मोजायचा छोटा मीटर आणला आणि दोन रात्री नोंद केली.

पहिल्या रात्री सगळे नेहमीसारखे सुरू ठेवले. हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी गरम, नळीही गरम. आठ तासांत सुमारे २६० वॅट-तास वीज गेली. दुसऱ्या रात्री टाकी आणि नळी दोन्हींची गरमी बंद ठेवली. खप आला ७२ वॅट-तास. विजेच्या बिलातले एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. म्हणजे श्वास उघडा ठेवायला युनिटचा साधारण चौदावा हिस्सा लागतो. बाकी सगळी वीज पाणी आणि नळी तापवण्यात जाते. बॅटरीवर झोपायचे तर पाणी तापवणे सोडायचे, हा पहिला धडा.

दुसरा धडा पॉवर बँकेचा. थोरला म्हणाला, "मोबाईलची २०,००० वाली आहे ना." ते २०,००० मिलीअँपिअर-तास आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टवर मोजलेले असतात. गुणाकार केला तर ७४ वॅट-तास. त्यातून व्होल्टेज चढवताना काही वाया जाते, आणि मोबाईलचे छिद्र मशीनला चालत नाही. आमच्या मशीनला २४ व्होल्ट लागतात, काहींना १२. खरेदी करताना व्होल्ट, वॅट-तास आणि मशीनला बसणारी वायर, या तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत. बॅटरीवर वॅट-तास लिहिलेले नसतील तर व्होल्टला अँपिअर-तासाने गुणावे.

इन्व्हर्टर लावून घरचाच प्लग वापरता येतो, पण वीज दोनदा बदलते आणि दोन्ही वेळा गळते. सरळ बॅटरीतून मशीनला जाणारी वायर घेतली तर ती गळती वाचते. गाडीच्या बॅटरीवर रात्रभर चालवण्याचा सल्ला आम्हाला दोघांनी दिला. सकाळी गाडी सुरू झाली नाही तर ढकलायला कोण येणार, हे दोघांनीही सांगितले नाही. शेवटी ९७ वॅट-तासांची लिथियम बॅटरी घेतली. खपापेक्षा तिसरा हिस्सा जास्त. त्यात एक रात्र निभावते. दोन रात्रींना दोन बॅटऱ्या लागतील.

आधी खोली, मग गच्ची

नवी गोष्ट रानात पहिल्यांदा करून पाहू नये. पहिली रात्र घरातल्याच पलंगावर, भिंतीचा प्लग काढून काढली. रात्री अडीचला मशीन बंद पडली. चूक आमचीच. टाकी बंद केली होती, नळीची गरमी सुरूच राहिली होती. मुलांचे अब्बा गुदमरल्यासारखे होऊन उठले आणि मास्क काढून बसले. घरातच असल्याने प्लग लावला आणि परत झोपले. हेच नदीकाठी झाले असते तर उरलेली रात्र बसून काढावी लागली असती. त्या दिवसापासून मशीनच्या पडद्यावरच्या दोन्ही खुणा बंद आहेत हे तपासायचे काम धाकटीकडे दिले.

दुसरी रात्र गच्चीवर, जानेवारीच्या थंडीत. वीज पुरली, पण गार कोरड्या हवेने नाक कोंडले. उपाय दादींनी सांगितला. नळी उघड्यावर न ठेवता गोधडीच्या आतून आणायची, म्हणजे अंगाच्या उबेने हवा कोमट होते. डॉक्टरांनी झोपताना नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घालायला सांगितले. तिसऱ्या रात्री पुन्हा गच्चीवर झोपलो आणि सकाळी ते म्हणाले, "चला, आता कुठे जायचं ते सांगा."

कुंडलिकेच्या काठी

धाटावहून कोलाडला जायला वेळ लागत नाही. पुढे सुतारवाडीच्या रस्त्याला ओळखीच्या शेतकऱ्याचा माळ आहे. रस्त्यावर गाडी ठेवून तासभर चालत जायचे ठरले, कारण पाठीवर बिऱ्हाड घेऊन चालल्याशिवाय मुलांना ते कॅम्पिंग वाटत नव्हते. आमच्या भावाला, म्हणजे मुलांच्या मामूंना, आणि त्यांच्या मुलालाही बोलावले. मामू मुंबई-गोवा महामार्गावर टेम्पो चालवतात.

निघण्यापूर्वी वाण्याच्या काट्यावर सामान तोलले. मशीन, मास्क, नळी, वायर आणि बॅटरी मिळून पावणेतीन किलो. पाण्याची टाकी घरीच ठेवली. अब्बांच्या पिशवीत एवढे वजन आधीच आले म्हणून तंबू थोरल्याने आणि भांडी मामूंच्या मुलाने घेतली. मशीन पिशवीच्या मधोमध, चादरीत गुंडाळून. बॅटरी वेगळ्या कप्प्यात, तिच्या टोकांना किल्ली किंवा चमचा लागणार नाही अशी.

कुंडलिकेची एक गोष्ट बाहेरच्या लोकांना ठाऊक नसते. मुळशी धरणाचे पाणी घाट उतरून टाटांच्या भिरा वीजघरात येते. १९२७ पासून ते तिथे जनित्रे फिरवते आणि मग या नदीत सोडले जाते. सकाळचे राफ्टिंग त्याच पाण्यावर चालते. पाणी सुटले की कोरडी दिसणारी वाळू बघता बघता बुडते. म्हणून वाळूवर तंबू ठोकायचा मोह टाळून आम्ही वरच्या माळावर गेलो. धाकटी नदीकडे बघून म्हणाली, "वीज करून झालेलं पाणी इथे येतं, वीज तेवढी येत नाही."

तंबू लावताना वाऱ्याची दिशा पाहिली. मशीन जी हवा घेते तीच नाकात सोडते. चुलीचा धूर किंवा डासांच्या कॉईलचा धूर तिच्याजवळ असेल तर तो थेट छातीत जाणार. चूल वाऱ्याच्या खालच्या अंगाला मांडली, कॉईलऐवजी मच्छरदाणी आणि अंगाला लावायचे मलम. मशीन मातीवर न ठेवता पाटावर ठेवली, हवा घेण्याच्या तोंडावर चादर येणार नाही अशी. तंबूत शेगडी किंवा पेटते निखारे कोणीच नेऊ नयेत, मशीन असो वा नसो. बंद जागेतला तो विषारी वायू वासानेही कळत नाही.

इशाची नमाज झाली. तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी आणि गुळाचा चहा झाला. निजायची वेळ आली तशी अब्बांची चुळबूळ सुरू झाली. मामूंना मशीनचे माहीत नव्हते. शेवटी तंबूतला दिवा मालवून, अंधारात चाचपडत त्यांनी मास्क लावला. मशीनचा आवाज इतका मंद होता की बाहेरचे रातकिडे तिच्यापेक्षा मोठ्याने ओरडत होते.

शेजारच्या तंबूतला आवाज

रात्री दोनच्या सुमारास आम्हाला जाग आली ती घोरण्याने. इतकी सवयीची झोपमोड की क्षणभर वाटले मशीन बंद पडली. पाहिले तर मशीन सुरू होती, अब्बा शांत झोपले होते. आवाज शेजारच्या तंबूतून येत होता. मोठा, मोठा, आणखी मोठा, आणि एकदम शांतता. आम्ही जुन्या सवयीने मोजू लागलो. बावीसपर्यंत पोहोचलो तेव्हा तो बुडणाऱ्या माणसाचा आवाज आला. थोड्या वेळाने परत तसेच. आपला सख्खा भाऊ वर्षानुवर्षे असा झोपतो आहे आणि पहाटे उठून महामार्गावर टेम्पो नेतो आहे, हे त्या माळावर कळले. अब्बांना मशीनमुळे घरीच ठेवून आलो असतो तर ते कळलेही नसते, कारण पूर्वी दोन घोरणारे एकत्र असले की सगळे हसून कुशीवर वळत.

फजरनंतर अब्बांना सांगितले. ते काही बोलले नाहीत. चहा झाल्यावर स्वतः तंबूत गेले, मशीन पाटासकट उचलून बाहेर आणली आणि मामूंसमोर ठेवली. दोन वर्षे सगळ्यांपासून लपवलेली वस्तू.

"हे काय?" मामू म्हणाले.

"मी रोज हे लावून झोपतो. घोरण्यावर आहे."

"घोरण्यावर कसली मशीन, भाईजान!" मामू हसले.

"मीही हसलो असतो. गाडी बांधावर गेली नसती तर." अब्बा म्हणाले. मग विचारले, "टेम्पोवर झापड येते का तुला?"

मामूंनी उत्तर दिले नाही. त्यांचा मुलगाच म्हणाला, "नागोठण्याच्या फाट्यावर दोनदा डोळा लागला होता. मी शेजारी होतो."

मामूंची तपासणी आता झाली आहे. त्यांनाही मशीन लागणार आहे. अब्बांनीच त्यांना दवाखान्यात नेले. बॅटरीत सकाळी पाचवा हिस्सा शिल्लक होता, तेही त्यांनी डॉक्टरांना मोठ्या अभिमानाने सांगितले.

मुजदलिफाची रात्र

एका रात्रीसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. आमच्या घरी त्याचे उत्तर तयार आहे. दादींची हजची नियत आहे आणि सोबत जायचे ते मुलानेच. अब्बांना वाटत होते की या आजाराने ती वाट बंद झाली. मिनामध्ये तंबू असले तरी तिथे वीज असते. १९९७ च्या आगीनंतर तिथे न पेटणारे तंबू उभारले गेले. पण अरफातहून निघाल्यावरची रात्र मुजदलिफाच्या मैदानात, उघड्या आभाळाखाली काढायची असते. तिथे लाखो माणसांत भिंत नाही आणि सॉकेटही नाही. मशीन वापरणाऱ्या हाजीसाठी कुंडलिकेकाठचा माळ ही त्या रात्रीची तालीम आहे. आजारी आणि दुर्बल माणसांना मध्यरात्रीनंतर पुढे जाण्याची सवलत आहे. आपल्याला ती कशी लागू होते हे आलिमांना आधी विचारून ठेवावे.

विमानाचा नियमही आधी समजून घ्यावा. लिथियमची सुटी बॅटरी सामानात टाकता येत नाही, हातातल्या पिशवीतच न्यावी लागते. १०० वॅट-तासांपर्यंतची साधारणपणे चालते, १०० ते १६० च्या मधली विमान कंपनीच्या परवानगीने. म्हणून आम्ही ९७ ची घेतली. मशीनही हातातच ठेवावी, सोबत डॉक्टरांचे पत्र. सामान हरवले तरी झोप हरवता कामा नये.

निघण्यापूर्वी एवढे करा

डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नका. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा दुसरा आजार असेल, रात्री प्राणवायूही लागत असेल, तर ही वाट तुमच्यासाठी नाही. आपल्या मशीनचा खप स्वतः मोजा, दुसऱ्याच्या आकड्यावर जाऊ नका. दाब जास्त तर खप जास्त. बॅटरीवर निदान एक पूर्ण रात्र घरी झोपून पाहा. एक जादा फिल्टर आणि मास्कची जादा पट्टी घ्या. टाकी वापरलीच तर तिच्यात नदीचे किंवा विहिरीचे पाणी घालू नका, आणि पाणी भरलेली टाकी घेऊन चालू नका. ते पाणी मशीनमध्ये शिरते. वीज संपलीच तर मास्क काढून ठेवा, डोके उंच घ्या, कुशीवर झोपा, आणि दुसऱ्या दिवशी गाडी दुसऱ्याला चालवू द्या. सोबतच्या एका तरी माणसाला तुमचा आजार माहीत असू द्या.

आम्हाला सगळ्यात अवघड हे शेवटचे गेले. वीज, वजन, व्होल्ट यांची गणिते सुटली. "मला हा आजार आहे" हे वाक्य मात्र दोन वर्षे सुटत नव्हते.

ती पिशवी आता कपाटावर भरलेलीच असते. महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करायचे काम थोरल्याकडे आहे. परवा दादींनी ती पिशवी खाली काढायला लावली, हातात घेऊन वजन पाहिले आणि विचारले, "अशी आणखी एक बॅटरी मिळेल का रे? आपली सफर एका रात्रीची नाही."